आधी कीर्द, मग खतावणी

माझी भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा आमच्याकडे बसून कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी डेटाबेसचे शब्द मोठ्यानं पाठ करत होती: ॲटॉमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरॅबिलिटी. मग कन्करन्सी, सिक्युरिटी, रिकव्हरी, हाय अव्हेलेबिलिटी. मी विचारलं, "ड्युरॅबिलिटी म्हणजे काय गं?"

"कमिट झालेला, म्हणजे पक्का केलेला डेटा जात नाही, मावशी."

"का जात नाही?"

ती थांबली. तिच्या नोट्समध्ये तेवढंच होतं. आतल्या खोलीतून बाबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा आवाज आला, "आधी कीर्दीत लिहिलेलं असतं म्हणून."

बाबांनी आयुष्यात कधी कीबोर्डला हात लावलेला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात ते एकतीस वर्षं दिवाणजी होते. पण उत्तर अगदी बरोबर होतं. बँकेत डेटाबेस सांभाळायला लागून मला एकवीस वर्षं झाली, याहून नेमकं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. भाचीला सगळं नीट समजावून सांगायचं कबूल केलंय, म्हणून हे लिहायला बसले.

कीर्द म्हणजे रोजची वही. दिवसभरात जे घडलं ते, घडलं त्या क्रमानं, एकाखाली एक. खतावणीत मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र पान: या शेतकऱ्याचं, त्या व्यापाऱ्याचं, हमालीचं, तोलाईचं. सौदा निघाला, पोती तोलून झाली, खर्च वजा करून शेतकऱ्याची पट्टी तयार झाली, की पैसे मोजण्याआधी बाबा कीर्दीत ओळ लिहायचे. समोरचा कितीही घाईत असो, त्याची एसटी चुकायची वेळ आलेली असो, आधी ओळ. खतावणीला वेळ लागतो. वही काढा, पान शोधा, मागची शिल्लक बघा, नवी मांडा. सौद्याच्या गर्दीत हे जमत नाही. कीर्दीला पान शोधावं लागत नाही. शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ. संध्याकाळी गर्दी ओसरली की कीर्दीवरून एकेक नोंद ज्याच्या त्याच्या पानावर चढवायची. एखाद्या दिवशी बाबा आजारी पडले आणि खतावणी अर्धी राहिली तरी अडत नव्हतं. कीर्द हाताशी असली की दुसरा कुणीही जाणकार बसून ती पुरी करू शकत होता.

बँकेचा डेटाबेस नेमकं हेच करतो.

२००४ च्या जुलैत मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात लागले. तेव्हा तिथे ओरॅकल या डेटाबेसची ९आय आवृत्ती होती. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी मला टेस्ट सर्व्हरपुढे बसवलं आणि दोन खात्यांचं एक छोटं टेबल करायला सांगितलं. एका खात्यातून ५,००० वजा, दुसऱ्यात ५,००० जमा. "आता कमिट करू नका. दुसऱ्या खिडकीतून शटडाऊन ॲबॉर्ट द्या." शटडाऊन ॲबॉर्ट म्हणजे वीज गेल्यासारखंच, आवराआवर करायला डेटाबेसला क्षणाचीही उसंत नाही. मी दिलं. मग स्टार्टअप, मग टेबल वाचायला सिलेक्ट. दोन्ही खात्यांत जुनीच शिल्लक. तेच सगळं पुन्हा करायला लावलं, या वेळी कमिटसह. 'कमिट कम्प्लीट' अशी अक्षरं पडद्यावर उमटली त्याच सेकंदाला ॲबॉर्ट. पुन्हा स्टार्टअप, पुन्हा सिलेक्ट. ५,००० बरोबर इकडचे तिकडे गेलेले.

"बंद पडला तेव्हा त्या टेबलाचे ब्लॉक डिस्कवर लिहून झाले होते का?" सरांनी विचारलं.

"हो. त्याशिवाय कसं?"

"लिहायला सवडच मिळाली नव्हती." आणि त्यांनी अलर्ट लॉग, म्हणजे डेटाबेस स्वतःबद्दल लिहितो ती फाइल, उघडून दाखवला. क्रॅश रिकव्हरी सुरू झाल्याची ओळ, रीडू लॉग कुठून कुठपर्यंत वाचला त्याची ओळ, शेवटी रिकव्हरी पूर्ण झाल्याची ओळ.

झालं होतं असं. शिल्लक बदलली ती आधी फक्त मेमरीत. पण त्या बदलाची नोंद रीडू लॉगसाठी तयार झाली, आणि मी कमिट दिल्यावर ती नोंद डिस्कवरच्या रीडू लॉगमध्ये खरोखर उतरल्याशिवाय मला 'कमिट कम्प्लीट' म्हटलं गेलं नाही. टेबलाची मूळ फाइल पुढे कधीतरी, सवडीनं लिहिली जाते. मधेच वीज गेली तर डेटाबेस उठल्याउठल्या लॉग वाचतो आणि राहिलेल्या नोंदी फाइलवर चढवतो. ज्यांच्यापुढे कमिट नाही, त्या मागे घेतो. लॉग ही कीर्द, टेबलाच्या फाइली ही खतावणी. लॉगमध्ये सरळ शेवटी लिहायचं असतं म्हणून ते झटपट होतं. फाइलमध्ये हजार ठिकाणी उड्या माराव्या लागतात, म्हणून ते मागे ठेवलेलं चालतं.

त्या रात्री जेवताना मी हे बाबांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले. पहिला, "व्यवहार मोडला तर काय करता? खाडाखोड?" दुसरा, "आणि मोडतानाच दिवे गेले तर?"

पहिल्याचं उत्तर मला येत होतं. खाडाखोड नाही. जुनी किंमत अंडू म्हणून बाजूला जपलेली असते आणि ती जपल्याची नोंदसुद्धा आधी लॉगमध्ये जाते. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारून शेजारी सही करायची आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे, ही जी बाबांची रीत, तिच्याच जातीची ही गोष्ट.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला काही महिने लागले. ते सापडलं आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांच्या १९९२ च्या निबंधात. मोहन आयआयटी मद्रासला शिकलेले. त्यांनी मांडलेल्या पद्धतीचं नाव एरीज. तिचा गाभा असा की उठल्यावर आधी सगळा इतिहास होता तसा पुन्हा घडवायचा, अर्धवट व्यवहारांसकट. मग अर्धवट व्यवहार एकेक पायरी मागे न्यायचे आणि मागे नेलेल्या प्रत्येक पायरीचीही लॉगमध्ये नवी नोंद करायची. त्यामुळे मागे नेतानाच पुन्हा वीज गेली, तर पुढच्या वेळी कुठपर्यंत मागे आलो होतो ते लॉगवरूनच कळतं. तीच पायरी दोनदा मागे घेतली जात नाही. हे वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून खूप वेळ तशीच बसून राहिले होते. दिवे गेल्यावर काय, हे सगळेच विचारतात. दिवे आल्यावर आवरताना पुन्हा गेले तर काय, हे विचारायला वेगळी माणसं लागतात.

भाचीच्या नोट्समध्ये इतिहासाचं एक पान होतं, नुसती नावं आणि सालं. त्यातली एक गोष्ट तिनं मनात ठेवावी असं मला वाटतं. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला. त्याआधीच्या पद्धतींत, उदाहरणार्थ आयबीएमच्याच आयएमएसमध्ये, माहिती झाडासारखी रचलेली असायची आणि ती मिळवायला कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जायचं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सांगावं लागायचं. रचना बदलली की प्रोग्रॅम मोडले. कॉड म्हणाले, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. माणसानं काय हवं तेवढं सांगावं, वाट यंत्रानं शोधावी. या विचारावर १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी भाषा बेतली, तीच आजची एसक्यूएल. भाची पाठ करत होती त्या पहिल्या चार शब्दांची आद्याक्षरं म्हणजे ॲसिड, ती आली १९८३ मध्ये, हेर्डर आणि रॉयटर या दोघांच्या निबंधातून. व्यवहार म्हणजे ट्रान्झॅक्शन या कल्पनेला भक्कम पाया दिला जिम ग्रे यांनी, त्यांना त्यासाठी १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पाठ करायचीच असेल तर ही माणसं त्यांच्या प्रश्नांसकट पाठ करावीत.

कीर्दीचा विषय निघालाच आहे तर एक अलीकडची गोष्ट. गेली काही वर्षं मी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवरही काम करते. डेटाबेस जेव्हा 'लिहिलं' म्हणतो तेव्हा त्यानं ऑपरेटिंग सिस्टिमला एफसिंक नावाचा हुकूम दिलेला असतो: हातातलं खरोखर डिस्कवर उतरव आणि मगच हो म्हण. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींच्या लक्षात आलं की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हा हुकूम एकदा फसला आणि पुन्हा दिला, तर दुसऱ्या वेळी 'झालं' असं उत्तर येऊ शकतं. न लिहिलेली पानं मात्र मधल्या मध्ये हातातून गेलेली असतात. इतकी वर्षं सगळे धरून चालले होते की पुन्हा सांगितलं की पुन्हा प्रयत्न होतो. २०१९ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती आली: एफसिंक फसला की पोस्टग्रेस आता स्वतःला तिथल्या तिथे थांबवतो आणि उठून लॉगवरून सगळं पुन्हा लावतो. खोट्या 'हो'वर पुढे जाण्यापेक्षा थांबलेलं बरं. मला हा निर्णय फार आवडतो. ग्राहकाला पाच मिनिटं ताटकळावं लागेल, पण त्याची भरलेली रक्कम त्याच्या खात्यात असेल.

आयसोलेशन भाचीला अवघड वाटतं. शाखेत उभं राहिलं की ते सोपं होतं. सकाळी दहाला व्यवस्थापकांनी ठेवींचा अहवाल काढायला घेतला आणि तो दहा मिनिटं चालला. त्या दहा मिनिटांत काउंटरवर पैसे भरणं-काढणं चालूच आहे. अहवालानं पहिल्या खात्याची शिल्लक दहाची आणि शेवटच्याची दहा वाजून दहा मिनिटांची घेतली, तर बेरीज कुठल्याच क्षणाची राहत नाही. म्हणून ओरॅकल आणि पोस्टग्रेस दोघंही जुन्या आवृत्त्या जपतात आणि दहाला सुरू झालेल्या अहवालाला दहाचंच चित्र दाखवतात. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. फरक एवढाच की ओरॅकल जुनं वेगळ्या जागी ठेवतो आणि जागा अपुरी पडली की 'स्नॅपशॉट टू ओल्ड' म्हणून हात टेकतो. पोस्टग्रेस जुनं त्याच टेबलात ठेवतो, म्हणून तिथे व्हॅक्यूमची झाडलोट नियमित लागते. ती टाळणाऱ्यांची टेबलं फुगतात.

लिहिणारे दोघं मात्र एकमेकांना अडवतात, आणि अडवलंच पाहिजे. एकानं खातं अ धरून ब मागितलं आणि दुसऱ्यानं ब धरून अ मागितलं, तर दोघं जन्मभर थांबतील. हा डेडलॉक. ओरॅकल तो ओळखतो आणि एकाला ओआरए-०००६० ही त्रुटी देऊन माघार घ्यायला लावतो. आमच्याकडे मार्चअखेरीला तो दिवसात चार-पाचदा यायचा. उपाय निघाला एका ओळीचा: पैसे कुणाकडूनही कुणाकडे जावोत, लहान क्रमांकाचं खातं आधी धरायचं. पुन्हा कधी आला नाही.

आता जे कुठल्याच इंटरव्ह्यूच्या नोट्समध्ये नाही ते. मराठी.

आमच्या बँकेची जुनी माहिती शाखांमधून आली तेव्हा नावं दिसायला मराठी होती, पण डिस्कवर मराठीचा मागमूस नव्हता. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणारा सामाईक तक्ता, रुळण्याआधीच्या काळात प्रत्येक मराठी फॉन्टची आपली वेगळी सोय होती. डिस्कवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांवर फॉन्टचं पांघरूण. फॉन्ट काढला की उरायचा अक्षरांचा चिवडा. त्यात नाव शोधता येत नव्हतं, लावता येत नव्हतं, जुळवता येत नव्हतं. एका शाखेत एक फॉन्ट, दुसरीत दुसरा, म्हणजे तेच आडनाव दोन वेगवेगळ्या चिवड्यांत. आम्ही फॉन्टनिहाय तक्ते बनवून रूपांतर करत होतो आणि सगळ्यात जास्त दमवलं ते पहिल्या वेलांटीनं. फॉन्टमध्ये ती जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर. 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी उचलून नुसत्या स्‌च्या पुढे नाही, अख्ख्या 'स्थ'च्या पुढे नेऊन ठेवावी लागते. जोडाक्षर कुठे संपतं हे प्रोग्रॅमला कळलं नाही की नावाचा विचका. त्यासाठी मी सलग तीन रविवार नुसती आडनावं वाचत बसले होते, आणि ते मला मुळीच कंटाळवाणं झालं नाही. लोकांच्या नावांचं काम होतं ते.

युनिकोडमध्ये आलो तर पुढचा अडथळा. 'लक्ष्मीबाई' घ्या. डोळ्याला चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी, ब, काना, ई अशी दहा चिन्हं. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे डिस्कवर तीस बाइट. आणि ओरॅकलमध्ये कॉलमची रुंदी मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर बाइटमध्ये मोजली जाते, चिन्हांत नाही. आमच्या टेबलात गावाचा कॉलम तीसचा होता. ज्यानं आखला त्यानं इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून आखला असणार, तीस भरपूर वाटले असतील. चाचणीत आम्ही मिरज, जत, सांगली, आटपाडी टाकून पाहिलं होतं, सगळं बिनबोभाट गेलं. मग खरी माहिती चढवायला घेतली आणि आलं 'कवठेमहांकाळ'. अकरा चिन्हं, तेहतीस बाइट. ओआरए-१२८९९, कॉलममध्ये मावत नाही.

डेटाबेसनं नकार दिला हे चांगलंच केलं. वाईट केलं ते मधल्या एका जुन्या प्रोग्रॅमनं. तो चढवण्याआधी स्वतःच तीस बाइटवर कापत होता, म्हणून त्याच्या वाटेनं गेलेल्या नोंदींना त्रुटी आलीच नाही. काही दिवसांनी एक आजोबा पासबुक घेऊन आले. त्यांना शिल्लकेची तक्रार नव्हती. पत्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, आमच्या गावाचा ळ कुठं गेला?" पासबुकावर छापलं होतं 'कवठेमहांका'. त्या दिवशी मी कॉलमची रुंदी चिन्हांत मोजायला लावली, मूळ याद्यांवरून सगळी गावं पुन्हा चढवली आणि आजोबांना नवं पासबुक छापून दिलं. मराठी माणसांसाठी टेबल आखणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: चाचणीला मिरज आणि जत घेऊ नका, कवठेमहांकाळ घ्या.

आणि लावणं. वार्षिक सभेसाठी सभासदांची यादी आडनावाप्रमाणे काढली, तर काळे आले कावरे आणि कासारांच्या आधी, आणि क्षीरसागर क च्या ढिगात सगळ्यात शेवटी, ख च्या अलीकडे. युनिकोडच्या तक्त्यात ल नंतर लगेच ळ आहे आणि क्ष हे क-हलन्त-ष म्हणून साठवलेलं आहे. नुसत्या क्रमांकांवर लावलं की असंच येणार. पण आपण शाळेत म्हटलेली मुळाक्षरं ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपतात, आणि माणसं यादीत आपलं नाव त्याच क्रमानं शोधतात. ज्याचं नाव सापडलं नाही त्याला वाटतं आपलं सभासदत्वच गेलं. यावर उपाय आहे, मराठीचा क्रम जाणणारं कोलेशन, म्हणजे लावण्याचे नियम. पोस्टग्रेसमध्ये ते दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आयसीयू नावाच्या लायब्ररीच्या मदतीनं नीट वापरता येतं. फक्त ते मागावं लागतं. न मागता मिळत नाही.

इंडेक्स आणि क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, वेगाबद्दल लोक फार विचारतात. थोडक्यात, इंडेक्स म्हणजे खतावणीच्या सुरुवातीची नावांची पानवारी. बी-ट्री नावाच्या झाडासारख्या रचनेच्या चार पायऱ्यांत कोट्यवधी नोंदींतली एक सापडते. पानवारी नसेल तर वही पहिल्यापासून चाळा. आणि टेबलात किती, कशा नोंदी आहेत याची डेटाबेसला जुनी आकडेवारी दिली तर तो चुकीची वाट निवडणार. बाकीचं सगळं सरावानं येतं.

सुरक्षेबद्दल एकच सांगते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे, एक शाखाधिकाऱ्याकडे, एकट्यानं उघडत नाही. डेटाबेसच्या प्रशासकालाही असंच बांधून ठेवलेलं असावं. माझ्या लॉगइननं केलेल्या प्रत्येक कामाची नोंद दुसऱ्या विभागाच्या सर्व्हरवर जाते आणि ती पुसायचा अधिकार मला नाही. नवीन मुलांना हा अविश्वास वाटतो. मला तो आधार वाटतो. चौकशी झाली तर माझ्या बाजूनं बोलणारी नोंद माझ्या हातातली नसावी.

बॅकअपकडे येते, कारण मी सर्वात जास्त माणसं इथेच रडताना पाहिली आहेत. एका संस्थेत डिस्क गेली म्हणून मला मदतीला बोलावलं होतं. रोज रात्री बॅकअप होत होता, रोज सकाळी 'यशस्वी' असा मेल येत होता, वर्षभराचे मेल त्यांनी मला छापून दाखवले. रिस्टोअर करायला घेतलं तर डेटाबेस उघडेना. चालू डेटाबेसचा बॅकअप घेताना फाइलचं एक पान रात्री एकचं आणि दुसरं दीडचं असतं, कारण काम चालूच असतं. ही पानं एका क्षणावर आणायला त्या अर्ध्या तासाचे आर्काइव्ह लॉग, म्हणजे लॉगच्या जपून ठेवलेल्या प्रती, लागतात. ते दर रात्री डिस्क भरते म्हणून पुसले जात होते. खतावणी जपली होती, कीर्द रद्दीत घातली होती. दोन दिवस प्रयत्न करून एका जुन्या, बंद स्थितीत घेतलेल्या बॅकअपवर आम्ही आलो आणि मधले व्यवहार कागदी स्लिपांवरून हातानं चढवावे लागले. तिथली लेखनिक मुलगी स्लिपांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी स्लिपांवर पडू नये म्हणून मान वळवून पुसत होती.

तेव्हापासून दुसऱ्या शनिवारी, बँका बंद असतात तेव्हा, मी वेगळ्या सर्व्हरवर पूर्ण रिस्टोअर करते. बॅकअप उचलायचा, लॉग चढवायचे, डेटाबेस उघडायचा आणि शुक्रवारच्या कागदी तेरजेशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या गोषवाऱ्याशी, बेरीज जुळवायची. किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. जुळेपर्यंत घरी जायचं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ही सवय कामी आली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमची सर्व्हर रूम पहिल्या मजल्यावर सुरक्षित होती, पण जनरेटर आणि डिझेलचे बॅरल तळमजल्यावर. आमचा दुसरा डेटाबेस, स्टँडबाय, नागपूरला. इथल्या लॉगमधली प्रत्येक नोंद तारेवरून तिथे जाते आणि तिथे चढते. बाबांच्या भाषेत, तिकडे बसलेला दुसरा दिवाणजी आपली कीर्द ओळीओळीनं उतरवून घेतोय. एवढ्या अंतरावर तिथल्या 'मिळालं'ची वाट बघत थांबलं तर इथला प्रत्येक कमिट रखडतो, म्हणून आम्ही न थांबता पाठवत होतो, आणि त्यात तो काही क्षण मागे असतो. इथला सर्व्हर अचानक बुडाला तर ते क्षण गेले.

म्हणून प्रश्न एवढाच होता की अचानक बुडायची वाट बघायची का. संध्याकाळी गेटच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा मी साहेबांना फोन केला की जनरेटर चालू आहे तोवर स्वतःहून तिकडे जाऊ. स्वतःहून नेलं की इथली शेवटची ओळ तिकडे पोचल्याची खात्री करूनच भूमिका बदलतात, एकही नोंद मागे राहत नाही. त्यांनी एक मिनिट विचार केला आणि हो म्हणाले. शाखांची सत्रं बंद केली, दोन्हीकडचे शेवटचे लॉग क्रमांक ताडून पाहिले, तोंडानं म्हणून घेतले, आणि स्विचओव्हरचा हुकूम दिला. काही मिनिटांत नागपूर प्रायमरी, म्हणजे मुख्य डेटाबेस, झालं. मग इथले सर्व्हर नीट बंद करून आम्ही जिन्यावरून उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. दुसऱ्या दिवशी सांगली पाण्यात होती. पण जतच्या शाखेत पैसे मिळत होते.

गावभागातलं आमचं घर मात्र बुडालं. बाबांच्या दुकानाच्या जुन्या वह्या, दुकान बंद झाल्यावर शेठनी त्यांनाच देऊन टाकलेल्या, खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर त्या गच्चीवर पान पान उघडून वाळवल्या. खतावण्यांचा पार लगदा झाला होता. कीर्दींपैकी वरच्या कप्प्यातल्या तीन-चार वाचता येत होत्या, पानांच्या कडेला हळदीचे डाग तसेच. शाळा पुरामुळे बंद होत्या. भाची तेव्हा दहावीत होती आणि आमच्याकडेच अडकली होती.

बाबांनी नवी फुलस्केप वही मागवली, १९८७ ची कीर्द तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू वाच, मी चढवतो. बघू निघते का." ती रोज दुपारी ओळ ओळ मोठ्यानं वाचायची, तारीख, नाव, जमा की नावे, रक्कम. बाबा ज्याच्या त्याच्या पानावर लिहायचे. कुठे शाई पसरली असेल तिथे दोघं वही उजेडाकडे धरून बसायचे. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी त्यांनी तेरीज मांडली, दोन्ही बाजूंची बेरीज दोनदा तपासली, आणि खाली दुहेरी रेघ ओढून तारीख घातली.

परवा भाचीला मी तीच वही काढून दाखवली.